धसईचा मुक्काम आणि नसलेले पुतळे

"सर, पुतळ्यांवर अनुबोधपट काढतो आहे. निवेदन तुम्ही लिहायचे," असे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने येऊन सांगितले, तेव्हा मी साहजिकच विचारले, "कोणाचे पुतळे?"

"नाणेघाटातले. सातवाहनांचे."

मी क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिलो. नाणेघाटातले पुतळे मी पाहिलेले नव्हते, पण त्यात माझ्या आळसाचा काही दोष नव्हता. ते पुतळे कोणीच पाहिलेले नाहीत. राजा, राणी, राजपुत्र अशा आठ जणांच्या पुरुषभर उंचीच्या प्रतिमा एके काळी तेथील लेण्याच्या भिंतीत कोरलेल्या होत्या, असे सर्व पुस्तके सांगतात; आणि लगेच पुढच्या वाक्यात, आज तेथे पावलांच्या खुणांपलीकडे काही उरलेले नाही, असेही सांगतात. जी वस्तू अस्तित्वात नाही तिचे चित्रण करायला हा गृहस्थ निघालेला! सौ.ने चहा पुढे ठेवता ठेवता ऐकले आणि म्हणाली, "बरे आहे की! पुतळे नाहीत म्हणजे लवकर आटपेल."

ते मुळीच लवकर आटपले नाही. पण त्या निमित्ताने गेल्या पौषात धसईला पाच दिवस राहणे झाले, आणि ते पाच दिवस मला अजून पुरत आहेत.

धसई हे मुरबाड तालुक्यातले गाव. माझ्या विद्यार्थ्याचे घर तेथलेच, म्हणून आमच्या मंडळीचा तळ तेथे पडला. कल्याणहून मुरबाडला आणि मुरबाडहून धसईला जाताना शहर हळूहळू मागे सरते. आधी उंच इमारती जातात, मग गोदामे जातात, मग विटांच्या भट्ट्या येतात, आणि मग एका वळणावर पूर्वेचे सारे आकाश अडवून सह्याद्रीची भिंत उभी राहते. गोरख आणि मच्छिंद्र यांचे सुळके, ढाकोबाचा कडा. आणि उत्तरेकडे, हवा स्वच्छ असेल तर, नानाचा अंगठा. भाताची कापणी होऊन गेलेली होती. खाचरांत सड उरले होते, खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. म्हशाची यात्रा जवळ आलेली, त्यामुळे जो भेटे तो बैलांच्या किमतीच बोलत होता.

आसपासच्या कितीतरी पाड्यांची बाजारपेठ म्हणजे धसई. किराणा, कापड, खते, औषधे, वडापाव, सारे एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. शहरातल्या वाचकांना या गावाचे नाव एकदा तरी कानावरून गेल्याचे आठवत असेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजारांच्या नोटा रद्द झाल्या, आणि डिसेंबरात हे गाव महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. वडापावच्या गाडीवर कार्ड घासण्याचे यंत्र, असे छायाचित्र त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून झळकले होते. मी ज्या दुकानात साबण घ्यायला गेलो तेथल्या दुकानदारांना त्याबद्दल विचारले. ते हसले आणि म्हणाले, "तेव्हा यंत्र होते, आता मोबाइल आहे. पण पाड्यावरची आजी अजून पदराच्या गाठीतूनच पैसे काढते. तिला काय परत पाठवू?"

ज्या घाटाचे नावच नाण्यावरून पडले असे लोक मानतात, त्याच्या पायथ्याच्या मुलखात नाण्यावाचून व्यवहार करण्याचा पहिला प्रयोग व्हावा, याची मला गंमत वाटली. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांची जकात त्यात टाकीत, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. म्हणजे हे लेणे काही रानात दडलेले तपस्व्याचे स्थान नव्हे. हा तर त्या काळचा हमरस्ता, आणि हमरस्त्यावरचा नाका! राजघराण्याचे पुतळे अशा जागी बसविले याचा अर्थ उघड आहे. व्यापारी दम लागून वर पोचावा, सावलीला बसावा, आणि मान वर करताच आपण कोणाच्या राज्यात आलो ते त्याला दिसावे. आपण आज चौकात पुतळे उभारतो ते तरी दुसऱ्या कशासाठी?

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. जड सामान मोटारीने माळशेज चढून, जुन्नरला वळसा घालून घाटघरच्या बाजूने माथ्यावर जाणार होते. पण दिग्दर्शकाचा (माझ्या विद्यार्थ्याला आता दिग्दर्शक म्हणायला हवे) आग्रह होता की तांडे जसे कोकणातून चढले तसेच आपणही चढायचे. म्हणून एक लहान कॅमेरा, पाण्याच्या बाटल्या, तांदळाच्या भाकऱ्या आणि मी असे चौघांनी वैशाखऱ्याहून पायवाट धरली. वाट दाखवायला आणि कॅमेऱ्याची पेटी उचलायला एक वयस्क ठाकरबाबा बरोबर होते. सत्तरीच्या पुढचे असतील. पण पायांत माझ्यापेक्षा तीस वर्षांनी तरुण.

सुरुवातीचे रान मोकळे आहे. पुढे चढ लागतो, आणि चढाबरोबर पायाखाली दगड बदलतात. आपोआप पडलेले दगड संपून माणसाने बसविलेले दगड सुरू होतात. काही ठिकाणी चक्क पायऱ्या आहेत, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. दर शंभर पावलांवर मी निसर्गसौंदर्य पाहण्यासाठी थांबत होतो. बाबांच्या ते लक्षात आले असावे, कारण चौथ्या वेळी तेच म्हणाले, "मास्तर, बसा. डोंगर कुठं पळत नाय."

तीन तासांनी आम्ही खिंडीच्या तोंडाशी पोचलो. डोक्यावर नानाचा अंगठा, मागे सारे कोकण धुक्यात बुडालेले, आणि वाटेच्या कडेलाच ते लेणे. एक चौकोनी दालन. खांब नाहीत, नक्षी नाही. बाबांनी वहाणा बाहेर काढल्या. आम्हीही काढल्या.

डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला तो सुप्रसिद्ध लेख आहे. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन पंडित ब्यूलर यांनी तो वाचला, आणि महामहोपाध्याय मिराशींनी तो मराठी वाचकांपर्यंत आणला. लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात राणी नागनिकेचे नाव येते, सातवाहनांनी केलेल्या यज्ञांची यादी येते. दोन अश्वमेध, राजसूय, आणखी कितीतरी. आणि प्रत्येक यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब. इतक्या गाई, इतके हत्ती, इतके घोडे, इतके कार्षापण. हे सारे आकडे अक्षरांत न लिहिता अंकांत कोरलेले आहेत. भारतातल्या अंकलेखनाचा हा अतिशय जुना पुरावा मानला जातो. धसईच्या दुकानदाराच्या यंत्रावर जे आकडे उमटतात, त्यांचे खापरपणजोबा या भिंतीवर बसलेले आहेत.

पण आमचे काम समोरच्या भिंतीशी होते. तेथे होते पुतळे.

भिंत उघडीबोडकी. वरच्या बाजूला नावांची अक्षरे, आणि खाली, फार निरखून पाहिले तर, पावलांचे अवशेष. मधला सारा माणूस गेलेला. छायालेखकाने समोरून दिवा लावला, आणि जे थोडे दिसत होते तेही दिसेनासे झाले! मी घाबरलो, तो मात्र शांतपणे म्हणाला, "सर, कोरीव कामावर समोरून उजेड टाकला की ते सपाट होते. उजेड कडेने यायला हवा." त्याने दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरला. त्याबरोबर प्रत्येक खाचेत सावली भरली, आणि अक्षरे एकामागून एक भिंतीतून बाहेर आली. राया सिमुक सातवाहनो. कुमारो भायल. महारठि त्रनकयिरो. कुमारो हकुसिरि. कुमारो सातवाहनो. हजेरी घ्यावी तशी मी नावे वाचीत गेलो. काही जागी अक्षरेही झिजलेली. तेथे मी गप्प राहिलो.

या नावांत एक जागा अशी आहे की जिने मला, मराठीच्या मास्तराला, खिळवून ठेवले. राणी आणि राजा यांच्या डोक्यावरचा लेख असा आहे: देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो. बाकीची नावे प्रथमेत आहेत. ही दोन षष्ठीत. देवी नागनिकेची आणि राजा श्री सातकर्णीची. कशाची? अर्थातच प्रतिमेची. तो शब्द कोरणाऱ्याने लिहिला नाही, कारण लिहिण्याचे कारणच नव्हते. प्रतिमा खाली समोरच उभी होती. आज प्रतिमा गेली आणि प्रत्यय राहिला. वीस वर्षे मी वर्गात षष्ठी शिकवीत आलो, 'चा, ची, चे' पाठ करून घेत आलो. पण ज्याच्यापुढे काहीच नाही असा षष्ठीचा प्रत्यय मी प्रथमच पाहत होतो.

आमचा खरा वाद त्या रात्री धसईला, जेवणानंतर ओसरीवर झाला. अनुबोधपटाच्या खर्चाचा निम्मा भार एका सधन गृहस्थांनी उचललेला होता. त्यांची इच्छा अशी की, संगणकाच्या साहाय्याने आठही पुतळे जसेच्या तसे उभे करून दाखवावेत. रिकामी भिंत पाहायला कोण येणार? नागनिका दिसली पाहिजे. तिच्या अंगावर दागिने, चेहऱ्यावर तेज. दिग्दर्शकाचे मन द्विधा झालेले.

"बामियानला केलेच की, सर," तो म्हणाला. "मार्च २००१ मध्ये तिथल्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. २०१५ साली त्या रिकाम्या कोनाड्यात प्रकाशाने बुद्धाची आकृती उभी केली. लोक रडले ती पाहून."

उदाहरण बिनतोड होते. मला उत्तर सुचायला वेळ लागला. मी म्हणालो, "बामियानच्या मूर्तींची छायाचित्रे होती, मापे होती, त्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात होती. प्रकाशाने जे दाखवले ते आठवलेले होते. नागनिकेचा चेहरा कोणाला आठवतो? तू दाखवशील तो चेहरा आठवलेला नसेल, रचलेला असेल. आणि पडद्यावर एकदा दिसला की तोच खरा होऊन बसेल. उद्या शाळेच्या पुस्तकात येईल, परवा चौकात त्याचा पुतळा होईल."

"मग पुतळे करणारे काय करतात? शिवाजी महाराजांचा पुतळा करणाऱ्यांनी त्यांना पाहिले होते?"

हाही प्रश्न रास्त होता. पुण्याला १९२८ साली ज्याचे अनावरण झाले तो करमरकरांचा अश्वारूढ पुतळा घ्या, की मुंबईला गेटवे ऑफ इंडियासमोर २६ जानेवारी १९६१ रोजी उभा राहिलेला, मूळच्या कल्याणच्या सदाशिव ऊर्फ भाऊ साठ्यांचा पुतळा घ्या. दोघांनीही महाराजांना पाहिलेले नव्हते. पण महाराजांची त्या काळातली चित्रे आहेत, वर्णने आहेत. शिल्पकाराने ती अभ्यासली. शिवाय खाली शिल्पकार म्हणून त्याचे नाव असते. पाहणाराही जाणतो की हे करमरकरांनी पाहिलेले महाराज, हे साठ्यांनी पाहिलेले महाराज. अनुबोधपटाचे तसे नसते. तो 'हे असे होते' म्हणूनच बोलतो. त्याच्या शब्दाला साक्षीदाराच्या शब्दाचे वजन असते. साक्षीदाराने न पाहिलेले सांगू नये, इतकेच माझे म्हणणे होते.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा महाराष्ट्राच्या जिवाला किती लागले हे आपण सर्वांनी पाहिले. पुढच्याच वर्षी तेथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. पडलेले पुन्हा उभे करावेसे वाटणे ही माणसाची चांगली ओढ आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. पण ज्याचे रूपच ठाऊक नाही ते उभे करणे ही दुरुस्ती नव्हे. ती भर झाली.

ठाकरबाबा जेवून ओसरीच्या कडेला तंबाखू मळीत बसले होते. दिग्दर्शकाने त्यांनाच मध्ये घातले. "बाबा, तुम्ही सांगा. पुतळे नाहीत, तर लोकांना दाखवायचे काय?"

बाबांनी चिमूट तोंडात टाकली, जरा वेळ घेतला. "पाय हायत ना?" ते म्हणाले. "पाय हायत म्हंजे मानूस उभा व्हता. तेवढं दाखवा. मोप झालं."

वाद संपला असे नाही. दिग्दर्शक त्या रात्री उशिरापर्यंत अंगणात येरझारा घालीत होता. त्याचे पैसे गुंतलेले होते, माझे नव्हते. तत्त्व सांगणे मला स्वस्त होते, हे मलाही त्या अंधारात कळत होते. सकाळी तो म्हणाला, "सर, त्यांना फोन केला. ते मागे सरले." त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच मला अधिक लागले. माझे मानधन मी सोडले. पण त्याने काय होणार? परतल्यावर त्याने आपल्या कॅमेऱ्याची दोन भिंगे विकली, आणि पाऊण तासाचा ठरलेला अनुबोधपट बावीस मिनिटांचा केला.

मी लिहून नेलेले निवेदन चौदा पानांचे होते. ते तीन पानांवर आले. तेवढेच बरे झाले. पुतळ्यांच्या भिंतीपाशी निवेदन पूर्ण थांबते. दिवा भिंतीच्या कडेने सावकाश सरकतो, एकेका नावावर येतो, आणि ते नाव वाचले जाते. आवाज कोणाचा घ्यावा, यावर बराच खल झाला. माझा भारदस्त आवाज आपोआपच बाद झाला. शेवटी धसईच्याच एका शाळकरी मुलीकडून नावे वाचून घेतली. 'त्रनकयिरो'पाशी ती अडखळली, हसली, आणि पुन्हा नीट म्हणाली. ते अडखळणे आम्ही तसेच ठेवले. दोन हजार वर्षांत ते नाव वाचताना किती जण अडखळले असतील! जेथे अक्षरे झिजली आहेत तेथे ती गप्प राहते, आणि फक्त खिंडीतला वारा ऐकू येतो.

वैशाखात पहिला खेळ धसईलाच केला, त्याच घराच्या अंगणात, पांढरी चादर बांधून. पन्नास-साठ माणसे असतील. पाड्यांवरची मंडळी होती, दुकानदार होते, ती मुलगी आपल्या मैत्रिणींसह पुढे बसली होती. भिंत दिसली, नावे झाली, तेव्हा मागून एक तरुण मोठ्याने म्हणाला, "पण पुतळे कुठं हायत?"

मी श्वास रोखला. आमच्या साऱ्या खटाटोपावरचा तो निकाल होता. तेवढ्यात पडद्यावर पावले आली. तिरप्या उजेडात, झिजलेली, अर्धीमुर्धी. अंगण शांत झाले. पुढे बसलेली एक म्हातारी वाकून पाहू लागली, आणि तिने नकळत हात जोडले. कोणाला जोडले, ते तिला विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

ते सधन गृहस्थ पुढे मुंबईच्या खेळाला येऊन गेले. पटाबद्दल ते काही बोलले नाहीत. मात्र जाताना, नागनिकेविषयी वाचायला कोणते पुस्तक घ्यावे, एवढे त्यांनी मला विचारले. मी मिराशींचे नाव सांगितले.

वाचकहो, थंडीच्या दिवसांत सवड काढून नाणेघाटाला जरूर जा. चढवत नसेल तर जुन्नरहून घाटघरमार्गे मोटार थेट माथ्याजवळ जाते. त्यात कमीपणा मानू नका. पण जमल्यास कोकणातूनच चढा, आणि आदल्या रात्री धसईसारख्या एखाद्या गावी कोणाच्या ओसरीवर पथारी टाका. अक्षरांवर खडू फिरवू नका, भिंतीला हात लावू नका. बरोबर एक लहान विजेरी घ्या. आणि लेण्यात शिरल्यावर ती समोरून धरू नका; कडेने, तिरपी धरा. मग थोडा वेळ थांबा. पावले दिसतील.